पुंगळीचा हिशोब

लष्करी रायफलीची वापरलेली पुंगळी उलटी करून तिचं बूड पाहिलं, तर मधोमध सुईने खड्डा पाडलेली एक छोटी गोल चकती दिसते. हा प्रायमर. ठिणगी पाडायचं काम त्याचं. जरा निरखून पाहिलं की त्याच्याभोवती पितळेत उमटलेली आणखी एक बारीक खूण दिसते. कधी ते पूर्ण वर्तुळ असतं, कधी तीन ठिकाणी छिन्नीने टोचल्यासारखे घाव. याला क्रिंप म्हणतात. प्रायमर त्याच्या घरात बसवून झाला की कारखान्यात त्या घराचा काठ त्याच्यावर चेपून टाकतात. तो जागचा हलू नये म्हणून.

अमेरिकेत असंख्य लोक अशा पुंगळ्या विकत घेतात, साफ करतात आणि घरच्या घरी पुन्हा भरतात. तिथे हा रीतसर छंद आहे. त्यांना विचारलं की या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं काय, तर बरेच जण हा चेपलेला काठ काढणं असंच सांगतील. मला स्वतःला बंदुकांचं वेड अजिबात नाही. (घरच्या मंडळींनी काळजी करू नये!) पण या एवढ्याशा गोल खुणेचा माग काढत गेलं, की दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास हाती लागतो. तो मला सांगावासा वाटतो, कारण त्याच्या शेवटी एक असा आकडा येतो जो आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

आधी थोडं व्याकरण. काडतूस (हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला) म्हणजे चार गोष्टी. पुढे शिशाची गोळी, आत दारू, मागे प्रायमर आणि या तिघांना एकत्र धरणारी पितळेची पुंगळी. बार उडाल्यावर गोळी जाते, दारू जळते, प्रायमर निकामी होतो. पुंगळी मात्र जवळजवळ जशीच्या तशी बाहेर पडते. आणि बनवायला सगळ्यात कठीण, सगळ्यात महाग भाग तोच असतो. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त अशा पितळेची चकती घ्यायची, दाबून तिची वाटी करायची, मग ती टप्प्याटप्प्याने ओढून लांब नळी करायची. ओढताना पितळ कडक होत जातं, म्हणून मधेमधे तापवून मऊ करून घ्यावं लागतं. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी हंडे घडताना पाहिलेत त्यांना हे सांगायला नको. ठोकलं की धातू कडक, तापवलं की मऊ, पुन्हा ठोका. कारखान्यातलं यंत्र तेच करतं, फक्त जास्त वेगाने. पुंगळीचं बूड कडक ठेवायचं आणि तोंड मऊ, ही त्यातली खरी कारागिरी.

पितळेच्या आधी कागद होता. तो इतिहास आपल्याला शाळेपासून पाठ आहे. एन्फिल्डच्या १८५३ सालच्या बनावटीच्या रायफलीचं काडतूस म्हणजे दारू आणि गोळी गुंडाळलेली कागदाची पुडी. ती दाताने फोडायची, दारू नळीत ओतायची आणि गोळी वरून ठासायची. पुडीला लावलेल्या चरबीवरून १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या दमदममध्ये कुजबूज सुरू झाली, पुढे काय झालं ते सांगत बसत नाही. कागदी काडतुसात उरायचं काहीच नाही. जळालं, संपलं. हिशोबाला वस्तूच शिल्लक नाही.

दहाच वर्षांत हे बदललं. १८६६ च्या सुमारास दोन माणसांनी जवळजवळ एकाच वेळी धातूच्या काडतुसाचा प्रायमर बसवायच्या दोन पद्धती काढल्या. एक एडवर्ड बॉक्सर, ब्रिटिश लष्करातला कर्नल, वूलिचच्या शस्त्रागारातला. दुसरा हायरम बर्डन, अमेरिकन यादवी युद्धात नेमबाजांची पलटण उभारणारा. प्रायमरमधला स्फोटक मसाला चिरडायला सुईच्या समोर एक ऐरण लागते. बॉक्सरने ही ऐरण प्रायमरच्या आतच बसवली आणि ठिणगी आत जायला पुंगळीच्या बुडात मधोमध एक भोक ठेवलं. बर्डनने ऐरण पुंगळीचाच भाग केली आणि तिच्या बाजूंना बारीक भोकं ठेवली.

फरक किरकोळ वाटतो ना? पण त्यावरच पुंगळीचं पुढचं आयुष्य ठरलं. बॉक्सरच्या पद्धतीत तोंडातून एक सळई घातली की ती मधल्या भोकातून जाते आणि जुना प्रायमर टपकन बाहेर ढकलते. बर्डनच्या पद्धतीत मधे ऐरणच आडवी येते, सळई चालत नाही. आणि गंमत पाहा, इंग्रज बॉक्सरची पद्धत अमेरिकेने उचलली आणि अमेरिकन बर्डनची युरोपने. आपल्याकडच्या थ्री-नॉट-थ्रीची लष्करी पुंगळीसुद्धा बर्डन पद्धतीचीच. अमेरिकेत घरोघरी पुंगळ्या पुन्हा भरल्या गेल्या आणि इकडे तसं फारसं झालं नाही, त्यामागे कायदा आणि परंपरा तर आहेतच, पण ते एक भोक मधोमध आहे की बाजूला, हेही एक कारण आहे.

अमेरिकन लष्कराची सुरुवातीची काडतुसं तांब्याची होती आणि प्रायमर आतल्या बाजूला दडवलेला, म्हणजे पुन्हा भरायची सोयच नाही. मऊ तांबं तापलेल्या नळीत चिकटून बसायचं, मग सैनिक चाकूने उचकटून काढायचे. १८८० च्या दशकात त्यांनी बाहेरून बसवायचा बॉक्सर प्रायमर घेतला आणि मग लष्कर स्वतःच पुंगळ्या जपायला लागलं. सरावात उडवलेल्या पुंगळ्या गोळा करायच्या, धुवायच्या, पुन्हा भरायच्या. तुकड्यांना त्यासाठी हत्यारांचे संच मिळत. दूरच्या ठाण्यांवर काडतुसं पोचवणं महागाचं होतं, त्यापेक्षा शिसं आणि दारू पाठवणं सोपं.

हीच युक्ती त्याआधी, १८७० च्या दशकात, गवताळ मैदानांवरच्या रानरेड्यांच्या, म्हणजे बायसनच्या शिकाऱ्यांनी अवलंबली होती. दिवसभर शार्प्सच्या जड रायफलींनी बायसन मारायचे आणि रात्री शेकोटीपाशी बसून शिसं वितळवायचं, गोळ्या ओतायच्या, पुंगळ्या भरायच्या. विकतचं काडतूस परवडत नसे. घरी भरलेलं परवडे.

इथे मी थबकलो. काटकसर हा आपल्याकडे बिनतक्रार सद्गुण मानला जातो. आजीने तुपाच्या डब्याचा पत्रासुद्धा टाकला नाही, अशा गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. पण त्या शेकोटीपाशी चाललेली काटकसर म्हणजे दुसऱ्या दिवशीची शिकार स्वस्त करणं होतं. कोट्यवधींनी असलेले बायसन १८८० चं दशक संपेपर्यंत हजाराच्या आसपास उरले, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या मूळ रहिवाशांचे हाल झाले ते वेगळेच. पुंगळी वाचवणाऱ्याने काय वाचवलं आणि काय संपवलं, हा हिशोब एकाच वहीत मांडायला हवा.

मग आल्या मशीनगन, आणि इथे आपली ती गोल खूण चित्रात येते. एका मागोमाग एक शेकडो बार उडताना आतला दाब प्रायमरला मागे ढकलतो. एखादा प्रायमर सैल होऊन यंत्रात पडला की बंदूक अडकते, आणि रणांगणावर बंदूक अडकणं म्हणजे काय ते सांगायला नको. उपाय सोपा होता. काठ चेपून टाका, कडेने वार्निशचं बोट फिरवा, म्हणजे पाणीही जाणार नाही. हळूहळू लष्करी काडतुसांची ही ओळखच झाली. घाईच्या, प्रचंड संख्येच्या युद्धात एकेक पुंगळी परत भरत बसायला वेळ कुणाला? क्रिंप हे त्या बदललेल्या मनाचं चिन्ह आहे असं मला वाटतं. पुंगळी बनवतानाच ठरलेलं असतं, हिला एकच जन्म.

तोफांच्या मोठ्या पुंगळ्यांचं मात्र उलट होतं. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली तोफगोळ्यांच्या टंचाईने ब्रिटनचं सरकार हादरलं. एका गोळ्यामागे काही पौंड पितळ जात होतं, ते टाकणं परवडणारं नव्हतं. त्यामुळे अठरा पौंडी तोफांच्या पुंगळ्या आघाडीवरून परत पाठवल्या जात, पुन्हा घडवून पुन्हा भरल्या जात, आणि बुडावर तशा खुणा ठोकल्या जात. सैनिक अशा पुंगळ्यांवर नक्षी ठोकून फुलदाण्या करत. आज त्या संग्रहालयात आहेत, काही फौजी घरांच्या शोकेसमध्येही. खरं तर ती सरकारी मालमत्ता, परत करायची वस्तू! म्हणजे त्यातली कितीतरी फुलदाणी कागदोपत्री चोरीचाच माल.

आता जरा आपल्या पावसाकडे येऊ. ब्रिटिशांनी हिंदुस्थानात साठवलेल्या पितळी पुंगळ्यांना पावसाळ्यात आपोआप तडे जायचे. हात लावला नाही, बार उडवला नाही, पेटीत ठेवल्या ठेवल्या तोंडाशी फुटलेल्या. ऋतूत होणारी गोष्ट म्हणून इंग्रजांनी तिला 'सीझन क्रॅकिंग' असंच नाव दिलं. बरीच वर्षं हे गूढ होतं. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी उलगडा केला. गुन्हेगार होता अमोनिया! घोड्यांच्या मुतामुळे तबेल्यात तो हवेत असतो, पावसाळी दमट हवेत तो पितळेवर बसतो, आणि घडवताना पितळेत जो ताण कोंडून राहिलेला असतो त्याच्या जोरावर धातू उकलतो. उपाय पुन्हा तांबटाचाच. शेवटी हलकं तापवून तो ताण काढून टाकायचा. अमेरिकन लष्करी पुंगळीच्या गळ्यापाशी आजही निळसर-तपकिरी झाक दिसते ती या तापवण्याची. आपल्या पावसाने जगभरच्या धातुशास्त्रज्ञांना धडा शिकवला, हे वाचून मला उगाचच अभिमान वाटला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत साध्या नागरिकाला काडतुसं मिळेनाशी झाली. त्या टंचाईत कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन नावाच्या माणसाने १९४३ साली एक साचा बनवला. लहान .२२ रायफलीच्या फेकून दिलेल्या पुंगळ्या त्यात दाबायच्या आणि त्यांची नव्या गोळ्यांसाठी आवरणं करायची. .२२ च्या पुंगळीला वेगळा प्रायमर नसतो, मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो, त्यामुळे ती पुन्हा भरता येत नाही. म्हणजे जी खरोखरच एका जन्माची, तिलाही याने दुसरा जन्म दिला! वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत सुरू झालेला हा उद्योग पुढे आरसीबीएस या नावाने त्या क्षेत्रातलं मोठं नाव झाला.

युद्ध संपल्यावर लष्करी पुंगळ्यांचे ढीग बाजारात आले. स्वस्त, भक्कम, बॉक्सर पद्धतीच्या. अडचण एकच, तो चेपलेला काठ. जुना प्रायमर जोर लावून निघतो, पण काठ तसाच राहिला तर नवा प्रायमर आत जाताना अडतो, वाकडा होतो, चिरडला जातो. आणि प्रायमर चिरडणं म्हणजे विस्तवाशी खेळ. म्हणून काठ काढायचा. त्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे रीमरने तो खरवडून काढायचा. ही झटपट होते, पण हात जरा जास्त फिरला तर घर रुंद होतं, प्रायमर सैल बसतो आणि पुंगळी भंगारात जाते. दुसरी म्हणजे कठीण पोलादाची गुंडी आत दाबून काठ होता तिथे परत बसवायचा. यात धातू जात नाही, फक्त सरकतो. कुठली रीत चांगली यावर त्या मंडळींचे वाद चालूच असतात, आपल्याकडे पुरणपोळी गुळाची की साखरेची यावर चालतात तसे.

मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. हा काठ एकदाच काढावा लागतो. नंतर ती पुंगळी पाच वेळा भरा, दहा वेळा भरा, पुन्हा ते काम नाही. कारखान्याने लिहिलेलं 'एकच जन्म' हे वाक्य एकदा खोडलं की खोडलं.

या खोडण्याचं राजकारणही होतं. २००९ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ठरवलं की लष्करी पुंगळ्या यापुढे अख्ख्या विकायच्या नाहीत, चुरा करून भंगार म्हणून विकायच्या. पुन्हा भरणाऱ्यांनी एवढा गदारोळ केला, की मोंटाना राज्याचे दोन सिनेटर, बॉकस आणि टेस्टर, मधे पडले आणि काही दिवसांतच निर्णय फिरवला गेला. पुंगळी सरकारची की लोकांची, हा प्रश्न तिथे खासदारांपर्यंत जातो!

आपल्याकडे तो प्रश्न कधी आलाच नाही. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे. तिथल्या पुंगळ्यांच्या बुडावर 'के एफ' अशी अक्षरं असतात, खडकीच्या इंग्रजी स्पेलिंगची आठवण. जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखाना १९६४ चा. २०२१ साली आयुधनिर्माणी मंडळ बरखास्त झालं आणि दारूगोळ्याचे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेले. पण एवढे कारखाने असूनही सामान्य मराठी माणसाचा पुंगळीशी संबंध येतो तो दोनच ठिकाणी. एक म्हणजे वर्तमानपत्रातल्या 'घटनास्थळी दोन रिकाम्या पुंगळ्या सापडल्या' या वाक्यात, आणि दुसरा एनसीसीत. ज्यांनी एनसीसी केली आहे त्यांना आठवेल, फायरिंग झालं की सगळे गवतात ओणवे होऊन पुंगळ्या वेचायचे. दिलेली काडतुसं आणि परत आलेल्या पुंगळ्या, दोन्ही आकडे जुळल्याशिवाय सुटका नाही.

तेव्हा ही उगाच कटकट वाटते. पण पुंगळीचा खरा गुण या मोजणीतच आहे. ती साक्षीदार असते. अमेरिकेत १८७६ साली लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टरची तुकडी कापली गेली. तिथे नेमकं काय घडलं यावर शंभर वर्षं वाद चालले. १९८३ साली वणव्याने तिथलं गवत जळालं आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी ते मैदान पिंजून काढलं. प्रत्येक बंदुकीची सुई पुंगळीवर आपली वेगळी खूण सोडते. त्या खुणा जुळवून त्यांनी कोणती बंदूक कुठून कुठे गेली ते नकाशावर मांडलं. तांब्याच्या पुंगळ्या अडकल्या म्हणून कस्टर हरला, ही लाडकी कथाही त्यात तपासली गेली. उचकटल्याच्या खुणा निघाल्या त्या फारच थोड्या पुंगळ्यांवर.

आणि आता तो आकडा. १३ एप्रिल १९१९, जालियनवाला बाग. डायरच्या ५० सैनिकांनी थ्री-नॉट-थ्री रायफलींनी १६५० फैरी झाडल्या. हा आकडा आपण शाळेत पाठ केला, पण तो इतका नेमका कसा, हे मी तरी कधी विचारलं नव्हतं. कारण सोपं आहे. काडतुसांचा हिशोब असतो. किती दिली, किती उरली, हे लष्करात मोजलंच जातं. पितळ महाग, ते सरकारचं.

माणसं मोजायची मात्र कुणाला घाई नव्हती. सरकारी आकडा पुढे ३७९ मृतांचा आला. काँग्रेसच्या चौकशीने हजाराच्या आसपास सांगितले. शंभर वर्षं उलटून गेली तरी खरा आकडा कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. फैरी १६५०. मृत, अंदाजे.

म्हणूनच म्हटलं, काटकसर आणि हिशोब हे गुण खरे, पण कशाची काटकसर आणि कुणाचा हिशोब हे विचारल्याशिवाय त्यांना गुण म्हणू नये. ज्या व्यवस्थेने पुंगळी मोजली तिने माणूस मोजला नाही. आणि तरीही, तिने पुंगळ्या मोजल्या म्हणूनच १६५० हा आकडा आज पुराव्यासारखा उभा आहे. नाहीतर 'जमाव पांगवण्यासाठी थोडा गोळीबार केला' असंही कुणी म्हणू शकलं असतं.

असो. कुठल्यातरी गॅरेजमध्ये बसून एखादा म्हातारा अमेरिकन रविवारी दुपारी एकेका पुंगळीचा काठ खरवडत असतो, आणि त्याच्या डोक्यात यातलं काहीच नसतं. असायची गरजही नाही. मात्र पुढच्या वेळी वर्तमानपत्रात 'रिकाम्या पुंगळ्या' हे शब्द दिसले, तर त्या नुसत्या रिकाम्या नसतात एवढं लक्षात ठेवा.

तुमच्या घरात, आजोळी, कुणा फौजी नातेवाईकाकडे पितळेची अशी एखादी फुलदाणी असेल, तर ती उलटी करून बुडावर काय लिहिलंय ते नक्की पाहा. आणि सापडलं तर इथे जरूर कळवा.